घड्याळ, संत्री आणि दोन चंद्र : कल्पनेतल्या समुद्रावर नवा शोध कसा लागतो

नागपुरातून कुठल्याही दिशेला निघा, ५०० किलोमीटरच्या आत समुद्र भेटत नाही. तरी गेल्या दिवाळीपासून आमच्या गच्चीवर एक समुद्र तयार होतोय. माझी भाची आणि तिचे तीन मित्र, सगळे नववी-दहावीतले, मिळून एक जग रचताहेत. त्या जगात खंड नाहीत, नुसती बेटं आहेत. आकाशात चंद्र दोन. माणसं होडीतच जन्मतात आणि होडीतच लग्नं लावतात. रविवारी दुपारी चौघं जमतात, वह्या उघडतात, लिहिलेलं एकमेकांना वाचून दाखवतात. मी फिजिक्स शिकवते, म्हणून अधूनमधून मलाही वरून हाक येते.

एका रविवारी त्यांनी नवं प्रकरण वाचलं. एका म्हाताऱ्या लोहारानं रातोरात वाऱ्याशिवाय चालणारं जहाज बनवलं आणि पुढच्याच पानावर प्रत्येक बंदरात तशी दहा-दहा जहाजं उभी होती. लिहिलं छान होतं, पण मला राहवेना. लोखंड कुठून आलं? तुमच्या बेटांवर खाण आहे का? भर समुद्रात ते जहाज बिघडलं तर दुरुस्त कोण करणार? आणि कालपर्यंत शिडं शिवून पोट भरणारी माणसं आज काय करताहेत? भाची म्हणाली, "मावशी, जादूच्या गोष्टीत एवढं कोण विचारते?" मी म्हटलं, त्या जहाजात ज्याला चढायचं आहे तो विचारतो.

तेव्हापासून आमच्या ज्या गप्पा झाल्या, त्यातून हा लेख निघाला. कुणी अशा समुद्राची कादंबरी लिहीत असेल, मित्रांबरोबर तसला खेळ मांडत असेल, त्यांच्यासाठी तर आहेच. पण नवं तंत्रज्ञान जगात शिरतं कसं, हे ज्याला समजून घ्यायचंय त्याच्याही उपयोगाचा आहे. माझं म्हणणं साधं आहे. शोध समुद्राच्या एखाद्या नेमक्या अडचणीतून निघतो. आणि तो एकटा येत नाही. आधीचं काहीतरी हाताशी असावं लागतं, आणि आल्यावर तो कुणाचं तरी बस्तान हलवतो. ही साखळी लिहिणाऱ्याला दिसली की दोन चंद्रांचं जगही वाचणाऱ्याला खरं वाटू लागतं.

समुद्राची पहिली अडचण म्हणजे, मी आत्ता कुठे आहे? आपल्याकडे नागपुरात झिरो माईलला दगडी खांब आहे, शेजारी चार घोडे आहेत. इंग्रजांच्या काळात देशाची मोजणी झाली तिची ती खूण. जमिनीवर असा दगड रोवता येतो, त्याच्यापासून अंतर मोजता येतं. पाण्यावर दगड रोवता येत नाही. चार दिवस किनारा दिसला नाही की सगळीकडे सारखंच पाणी. मग खुणा शोधायच्या त्या आकाशात.

अरबी समुद्रावरच्या जुन्या दर्यावर्द्यांकडे यासाठी एक साधन होतं, त्याचं नाव कमाल. लाकडाची एक चौकोनी फळी आणि तिच्या मधून काढलेली, गाठी मारलेली दोरी. दोरी दातात धरायची, फळी डोळ्यांसमोर न्यायची, खालची कड क्षितिजाला टेकवायची आणि वरच्या कडेवर ध्रुवतारा बसेपर्यंत फळी पुढे-मागे सरकवायची. दोरीची कुठली गाठ दाताशी आली त्यावरून ताऱ्याची उंची कळते. ध्रुवतारा क्षितिजाच्या जितका अंश वर, तितका साधारण तुमचा अक्षांश. नागपूरला तो २१ अंशांवर दिसतो.

आम्ही हे पोस्टकार्डानं करून पाहिलं. पोस्टकार्ड १४ सेंटीमीटर लांब असतं. ते उभं धरलं, कठड्याच्या कडेच्या पातळीला डोळे येतील असे बसलो (ती कडच मग क्षितिजाचं काम करते) आणि तारा वरच्या कडेवर बसला तेव्हा कार्ड डोळ्यांपासून ३८ सेंटीमीटरवर होतं. तिथे दोऱ्याला पहिली गाठ मारली. नागपूरची गाठ. मग हिशेब करून ४२ सेंटीमीटरवर मुंबईची आणि ५१ वर पणजीची मारली. त्या दोऱ्याकडे मुलं बराच वेळ बघत राहिली. गाठी मारलेला हातभर दोरा, आणि त्यात तीन शहरं.

जुने तांडेल याच पद्धतीनं घरी पोचत. आपल्या बंदराची गाठ जुळेपर्यंत उत्तरेला किंवा दक्षिणेला जायचं, मग वळायचं आणि गाठ न सोडता किनारा लागेपर्यंत सरळ पुढे. पण हे साधन ध्रुवताऱ्याच्या भरवशावर आहे. १४७० च्या दशकात पोर्तुगीज विषुववृत्त ओलांडून दक्षिणेला गेले तेव्हा तो तारा क्षितिजाखाली बुडाला आणि त्यांची पद्धत तिथेच अडली. मग भर दुपारच्या सूर्याच्या उंचीवरून अक्षांश काढण्याचे तक्ते बनवावे लागले. सूर्य वर्षभर उत्तर-दक्षिण सरकतो, म्हणून दिवसागणिक वेगळा आकडा. म्हणजे तारा गेला तर त्याच्या जागी पंचांग लागतं, आणि पंचांग करणारा गणिती लागतो. तुमच्या काल्पनिक जगात ध्रुवतारा आहे का, हे म्हणून मी मुलांना सगळ्यात आधी विचारलं. त्यांनी आकाशात दोन चंद्र टांगले होते, तारे कुणाच्याच डोक्यात नव्हते.

उत्तर-दक्षिण असं सुटलं. पूर्व-पश्चिम मात्र शेकडो वर्षं सुटत नव्हतं, आणि या विषयातला मला सगळ्यात आवडणारा भाग तोच आहे. पृथ्वी २४ तासांत ३६० अंश फिरते, म्हणजे तासाला १५ अंश, एका अंशाला ४ मिनिटं. पूर्वेकडच्या गावात सूर्य आधी माथ्यावर येतो, पश्चिमेकडे नंतर. तेव्हा माझ्या इथे भर दुपार झाली त्या क्षणी माझ्या घरच्या बंदरात किती वाजलेत एवढं कळलं की रेखांश हातात आला.

नाताळच्या सुट्टीत गच्चीवर मीटरभराची काठी ओळंब्यानं सरळ उभी केली. २५ डिसेंबरला नागपुरात दुपारची सावली जवळजवळ काठीएवढीच पडते. सावली सगळ्यात आखूड कधी होते ते नुसतं बघून नेमकं पकडता येत नाही, कारण त्या सुमाराला ती हलतच नाही म्हणा ना. म्हणून सकाळी एका लांबीवर खूण करायची, दुपारून सावली पुन्हा तेवढीच लांब झाली की वेळ टिपायची आणि दोन्ही वेळांचा मध्य काढायचा. आमची भर दुपार निघाली १२ वाजून १४ मिनिटांनी. आपलं घड्याळ ८२.५ अंशांच्या रेखांशावर लावलेलं आहे आणि नागपूर ७९.१ वर, त्याचा हा फरक. त्याच दिवशी मुंबईच्या मावसभावानं त्याच्या गच्चीवर हेच केलं. त्याचं उत्तर १२ वाजून ३८ मिनिटं. फरक २४ मिनिटांचा, म्हणजे ६ अंश. नकाशात पाहिलं तर खरा फरक ६.२ आहे. जेमतेम पाऊण-एक मिनिटाची चूक, आणि आमच्या हिशेबात मुंबई सरकून पनवेलच्या रेखांशावर आली होती.

जमिनीवर ही गंमत आहे, समुद्रावर मरण. १७०७ साली इंग्लंडच्या आरमाराची चार जहाजं आपण नेमके कुठे आहोत याचा अंदाज चुकल्यामुळे सिली बेटांच्या खडकांवर आदळली आणि १४०० हून अधिक माणसं बुडाली. १७१४ मध्ये ब्रिटिश संसदेनं २०,००० पौंडांचं बक्षीस लावलं: सहा आठवड्यांच्या प्रवासानंतर रेखांश अर्ध्या अंशाच्या आत सांगून दाखवा. अर्धा अंश म्हणजे दोन मिनिटं. भागाकार केला तर घड्याळ दिवसाला जेमतेम तीन सेकंद चुकायला मुभा.

आज हे सोपं वाटेल, पण तेव्हाची चांगली घड्याळं लंबकाची होती, आणि हलत्या जहाजावर लंबक कसा चालणार? शिवाय उष्ण कटिबंधात धातू प्रसरण पावतो, स्प्रिंग सैल होते, वंगण पातळ होतं, दमट हवेनं गंज चढतो. जॉन हॅरिसन नावाच्या सुताराच्या मुलानं, जो स्वतःही सुतारच होता, आपलं अख्खं आयुष्य या एका गोष्टीला दिलं. त्याचं पहिलं सागरी घड्याळ १७३५ मध्ये तयार झालं, एखाद्या पेटीएवढं मोठं आणि अवजड. चौथं, १७५९ चं, तळहातावर मावेल असं, दीड किलोच्या आतबाहेर. उष्णतेनं होणारी चूक भरून काढायला त्यानं दोन वेगळ्या धातूंची पट्टी एकत्र जोडली. एक जास्त प्रसरण पावतो, दुसरा कमी, त्यामुळे पट्टी वाकते आणि वाकताना स्प्रिंगची चाल सुधारून देते. १७६१-६२ मध्ये त्याचा मुलगा ते घड्याळ घेऊन जमैकाला गेला. ८१ दिवसांत चूक साधारण ५ सेकंदांची.

झालं, प्रश्न सुटला, असं इथे म्हणावंसं वाटतं. आमच्या वहीत तर पुढच्या पानावर सगळ्यांकडे घड्याळं आली असती. प्रत्यक्षात त्या घड्याळाची पहिली नक्कल करायला दुसऱ्या कारागिराला १७६९ पर्यंत वेळ लागला आणि तिची किंमत ५०० पौंडांच्या घरात गेली. ती नक्कल जेम्स कुक या इंग्रज दर्यावर्द्यानं १७७२ च्या सफरीत सोबत नेली. तोवर दुसरी एक पद्धत तयार झाली होती. चंद्र आणि एखादा तारा यांच्यातलं अंतर मोजायचं आणि छापील तक्त्यांवरून घरची वेळ काढायची. हे तक्ते १७६७ पासून दरवर्षी निघू लागले. आकडेमोड किचकट होती, पण पुस्तक घड्याळापेक्षा कितीतरी स्वस्त. दोन्ही पद्धती कित्येक दशकं शेजारी-शेजारी चालल्या. १८३१ मध्ये बीगल जहाज निघालं तेव्हा त्यावर २२ घड्याळं होती, कारण एकाच घड्याळावर अजूनही कुणाचा भरवसा नव्हता. एकच असेल तर ते चुकलंय हे कळणार कसं?

उगवतं तंत्रज्ञान म्हणतात ते असं दिसतं. श्रीमंत जहाजावर पेटीत जपून ठेवलेलं घड्याळ, शेजारच्या जहाजावर रात्री कंदिलाखाली आकडे मांडणारा तरुण, आणि तिसऱ्यावर अजून दोरीच्या गाठी. तिघं एकाच धक्क्यावर नांगर टाकून उभे. गोष्ट लिहिणाऱ्याला यापेक्षा भरलेलं बंदर आणखी कुठलं हवं?

आता संत्री. शोध म्हटलं की आपल्याला चाकं आणि दट्टे दिसतात, पण दर्यावरच्या सर्वात मोठ्या शोधांपैकी एक फळाचा आहे. महिनोन्‌महिने नुसती बिस्किटं आणि खारवलेलं मांस खाणाऱ्या खलाशांच्या हिरड्या सुजत, दात हलत, जुने भरलेले व्रण पुन्हा उघडत आणि माणूस खंगून जाई. स्कर्व्ही. आपलं शरीर क जीवनसत्त्व तयार करू शकत नाही आणि ते नसेल तर ऊतींना धरून ठेवणारे तंतू नीट बनत नाहीत, म्हणून माणूस असा उसवत जातो. १७४७ मध्ये जेम्स लिंड या जहाजावरच्या डॉक्टरनं १२ आजारी खलाशी घेतले, त्यांच्या सहा जोड्या केल्या आणि प्रत्येक जोडीला वेगळा उपाय दिला. एका जोडीला समुद्राचं पाणी, एकीला व्हिनेगर, एकीला रोज दोन संत्री आणि एक लिंबू. फळं सहा दिवसांत संपली, पण तोवर त्या दोघांपैकी एक कामावर रुजू व्हायला तयार होता.

नागपूरकराला इथे अभिमान वाटणं साहजिक आहे, मलाही वाटतो. पण पुढचं ऐका. आरमारानं लिंबाचा रस सगळ्यांना द्यायचं ठरवलं ते १७९५ मध्ये, लिंडच्या मृत्यूच्या दुसऱ्या वर्षी. उशीर का झाला? एक तर तेव्हाच्या वैद्यकात रोगाची कारणं भलतीच मानली जात, एकटं फळ रोग बरा करतं हे त्या चौकटीत बसेना. दुसरं कारण आपल्याला घरबसल्या कळेल. आंबिया बहाराच्या दिवसांत कळमन्याच्या बाजारातून संत्र्यांची पेटी आणली की पंधरा दिवसांत तळाची फळं मऊ पडतात, साली आक्रसतात. जहाजावर सहा महिने ती टिकवणार कशी? लिंडनं उपाय सुचवला: रस आटवून बाटल्यांत भरा. दिसायला शहाणपणाचा उपाय, पण आटवताना क जीवनसत्त्व बरंचसं नष्ट होतं. औषध सापडलं होतं आणि ते टिकवायच्या खटपटीतच वाया जात होतं.

आणि सापडलेलं पुन्हा हरवलंही. एकोणिसाव्या शतकात आरमारानं भूमध्य समुद्राकडच्या मोठ्या लिंबांऐवजी वेस्ट इंडीजची छोटी हिरवी लिंबं घ्यायला सुरुवात केली. त्यांत हे जीवनसत्त्व मुळात कमी, त्यात तांब्याचा आणि हवेचा स्पर्श झाला की उरलंसुरलंही जाई. पण कुणाला पत्ता लागला नाही, कारण तोपर्यंत वाफेची जहाजं आली होती, प्रवास आखूड झाले होते आणि लोक आजारी पडायच्या आत बंदराला लागत होते. १८७५ ची उत्तर ध्रुवाकडची मोहीम लिंबाचा रस सोबत नेऊनही स्कर्व्हीनं खिळखिळी झाली. क जीवनसत्त्व म्हणून हा पदार्थ नेमका ओळखला गेला तो १९३० च्या दशकात. एका शोधानं दुसऱ्या शोधातलं अपयश झाकून टाकलं, आणि ते उघडं पडलं ते कित्येक वर्षांनी, बर्फात. हे मुलांना सांगितलं तेव्हा गच्चीवर कुणीच बोललं नाही.

लाकडाचं उदाहरण थोडक्यात सांगते. उबदार पाण्यात जहाजाच्या तळाला एक शिंपल्याच्या जातीचा किडा लागतो, तो लाकूड आतून पोखरतो. त्यावर तांब्याचे पत्रे ठोकायची युक्ती ब्रिटिश आरमारानं १७६१ मध्ये 'अलार्म' नावाच्या जहाजावर करून पाहिली. दोन-एक वर्षांनी तपासलं तर किडा नव्हता, शेवाळ नव्हतं, पण पत्र्यांजवळचे लोखंडी खिळे खाऊन गेले होते. खाऱ्या पाण्यात तांबं आणि लोखंड एकमेकांना लागले की त्यांची बॅटरी बनते आणि झिजतं ते लोखंड. तांब्याच्या मिश्रधातूचे खिळे बनवायला जमलं तेव्हा, १७८० च्या दशकात, ही युक्ती खऱ्या अर्थानं आरमारभर वापरात आली. मुलांच्या लोहारानं लाकडाच्या जहाजात लोखंड घातलं आहे, त्यांना हे उपयोगी पडलं. आणि मी त्यांना हेही सांगितलं की जहाज बंदरात सुरू होत नाही, जंगलात सुरू होतं. आपल्या बल्लारशाच्या डेपोत सागवानाच्या ओंडक्यांची थप्पी पाहिली आहे ना? सागाच्या लाकडात तेल असतं, ते कुजत नाही आणि लोखंडालाही फारसं खात नाही. मुंबईच्या वाडियांनी सागवानात बांधलेलं आणि १८१७ मध्ये पाण्यात सोडलेलं 'त्रिंकोमाली' आज २०० हून अधिक वर्षांनी इंग्लंडमध्ये हार्टलपूलला तरंगतं आहे. तुमच्या बेटांवर असं झाड कुठल्या बेटावर वाढतं, त्या बेटावर मग कुणाचा डोळा असेल, हे ठरवलं की अर्धं राजकारण आपोआप लिहून होतं.

वाऱ्याशिवाय चालणाऱ्या जहाजाचंही तसंच. वाफेच्या जहाजाला वारा लागत नाही, पण कोळसा लागतो, आणि तो वाटेत भरावा लागतो. मुंबईहून निघालेल्या इंग्रजी फौजेनं १८३९ मध्ये एडन घेतलं, त्यात जहाजांना कोळसा भरायला मधला तळ हवा हे एक मोठं कारण होतं. आपल्याकडे उमरेड-कामठीला कोळसा जमिनीखाली आहे, म्हणून हा शब्द आपल्याला घरचा वाटतो. बेटांच्या जगात मात्र ज्या ओसाड खडकाला कालपर्यंत कुणी विचारत नव्हतं, तो नव्या इंजिनामुळे एका रात्रीत किल्ला होतो. आणि शिडं लगेच मरत नाहीत. 'कटी सार्क'सारखं अत्यंत वेगवान शिडाचं जहाज १८६९ मध्ये पाण्यात उतरलं, त्याच वर्षी सुएझ कालवा उघडला आणि वाफेच्या जहाजांना जवळची वाट मिळाली.

एक आग्रहाची गोष्ट. मराठीत असा समुद्र लिहायचा तर शब्द आपल्या किनाऱ्याचे घ्यावेत. तांडेल, खलाशी, डोलकाठी, सुकाणू, शिबाड, गुराब, गलबत. हे नुसते गोड शब्द नाहीत, त्यांत तंत्र आहे. कान्होजी आंग्र्यांच्या आरमारातली गुराबं उथळ पाण्यात चालणारी होती, खाडीत शिरली की खोल तळाची परदेशी जहाजं मागे येऊ शकत नसत. वारा पडला की वल्ह्यांची गलबतं गुराबांना ओढून नेत. किनारा जसा, तसं जहाज. मुलांनी आता 'कॅप्टन' खोडून 'तांडेल' केलं आहे, आणि मला वाटतं त्या माणसाचा आवाजही त्यामुळे बदलला.

मग आम्ही त्यांच्या दोन चंद्रांकडे वळलो. भरती येते ती चंद्राच्या ओढीतल्या फरकामुळे. आपल्या बाजूचं पाणी चंद्राला जवळ, पलीकडचं लांब. हा परिणाम चंद्राच्या वजनाच्या प्रमाणात वाढतो, पण अंतरानं फार झपाट्यानं कमी होतो: अंतर निम्मं केलं तर परिणाम आठपट. म्हणजे आपल्या चंद्राच्या आठव्या हिश्श्याचा एक लहानसा चंद्र निम्म्या अंतरावर ठेवला तर तोही तेवढीच भरती आणेल. कोकणात अमावास्या-पौर्णिमेला उधाण येतं आणि अष्टमीच्या सुमारास भांगाची भरती, कारण सूर्य आणि चंद्र कधी एका रेषेत ओढतात, कधी आडवे. त्यात दुसरा चंद्र आला की तीन ओढी, तीन वेगवेगळ्या फेऱ्या. काही बंदरं वर्षातून मोजकेच दिवस मोठ्या जहाजांना उघडतील. ज्याला ते दिवस आधी कळतील त्याचा व्यापार.

हे आकडे काढायला खऱ्या जगात यंत्रं होती. विल्यम थॉमसन, पुढे लॉर्ड केल्विन, यांनी १८७२ च्या सुमारास चाकं आणि कप्प्यांवरून जाणाऱ्या तारेचं एक यंत्र आखलं. एकेक चाक म्हणजे एकेक फेरी, आणि तारेच्या टोकाची पेन्सिल सगळ्यांची बेरीज कागदावर काढत जाते. १८७९ मध्ये भारतातल्या बंदरांसाठीही असं एक यंत्र तयार झालं होतं. भाचीनं लगेच ते वहीत घेतलं आणि खोडलंही. का ते ऐकण्यासारखं आहे.

त्यांच्या जगात एक जादू आधीपासून होती: जुळे खडे. एकावर टिचकी मारली की दुसरा, कितीही लांब असो, त्याच क्षणी वाजतो. मुलांनी तो निरोपासाठी योजला होता. मी इतकंच विचारलं की बंदरातल्या बाईनं रोज भर दुपारी खडा वाजवला तर? पहिल्यांदा काही सुचेना, मग एकदम काठीची सावली आठवली. जहाजावरची भर दुपार सावलीवरून, बंदरातली भर दुपार खड्यावरून. मधला वेळ वाळूच्या घड्याळानं मोजला की रेखांश. खऱ्या जगात विसाव्या शतकाच्या सुरुवातीला रेडिओनं हेच केलं, १९१० पासून आयफेल टॉवरवरून वेळेचे इशारे निघू लागले. पण मग या बेटांवर हॅरिसन कशाला जन्मेल? अचूक घड्याळाची गरजच नाही. घड्याळजी नाहीत तर बारीक दात्यांची चाकं कापणारे हात नाहीत, आणि ते हात नाहीत तर भरतीचं यंत्रही नाही. तीन ओढींचा हिशेब माणसांनीच करायचा, पिढ्यान्‌पिढ्या, पाढे पाठ असलेल्या घराण्यांनी. एका जादूच्या खड्यानं अख्खी एक कारागिरी जगातून वजा केली आणि तिच्या जागी एक जात उभी केली. लोहाराचं जहाज त्यांनी तूर्तास मागे घेतलं आहे.

पुढच्या रविवारी भाचीनं पान आणलं. बंदराच्या बुरुजावर लांबच लांब फळी, तिच्यावर ३०० खडे, कारण प्रत्येक जहाजाचा जुळा वेगळा. म्हातारी दुपारी लाकडी टिपरी घेऊन एका टोकापासून निघते, सेकंदाला एक टिचकी. हिशेब तिनंच करून आणला होता: शेवटच्या खड्यापर्यंत पोचायला ५ मिनिटं, म्हणजे सव्वा अंश, विषुववृत्तावर १३९ किलोमीटर. म्हणून प्रत्येक तांडेलाला आपला नंबर पाठ असतो आणि तो तेवढे सेकंद वजा करतो. फळीच्या पहिल्या टोकाची जागा मिळावी म्हणून सावकार पैसे चारतात.

वाचून झाल्यावर ती थोडा वेळ थांबली. मग म्हणाली, "मावशी, एखाद्या दिवशी तिला ताप असला न, अन् हात हळू चालला, त लांबच्या जहाजांना कसं कळेल?"